दिगूसाठी पाहिलेला सिनेमा

पडद्यावर एक झिपऱ्या गोरा माणूस गिटार छातीशी धरून केकाटत होता आणि माझ्या शेजारी आत्ती ओच्यात शेंगा घेऊन फोडत बसली होती.

"ह्याचं काय दुखालंय गं?" तिनं मला विचारलं.

"गाणं म्हणतोय, आत्ती."

"मग तोंड आसं का कराला?"

पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं वळून बघून हसली. बाराच्या खेळाला त्या अख्ख्या टॉकीजमध्ये आम्ही दोघीच बायका होतो. त्यातली एक नऊवारीतली, मिश्री लावलेली. दुसरी मी, फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून घर चालवणारी. आमचा आणि त्या इंग्रजी सिनेमाचा काहीएक संबंध नव्हता. आम्हाला धाडलं होतं.

ही गोष्ट खिशात फोन येण्याच्या कितीतरी आधीची. माझा धाकटा भाऊ दिगंबर कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. टॉमी हॅल्डन नावाचा कोणी परदेशी गिटारवाला त्याचा देव होता. त्याची एकच कॅसेट दिगूकडे होती, ती इतकी घासलेली की मधेमधे गाणं पाण्यात बुडाल्यागत वाटायचं. मासिकातून कापलेला त्याचा फोटो दिगूनं आमच्या दत्तगुरूंशेजारी चिकटवला होता. त्या टॉमीच्या आयुष्यावरचा सिनेमा आमच्या गावात लागला तो चारच दिवस, आणि त्या चारही दिवसांत दिगूच्या मागे कार्यक्रम. शेवटच्या दिवशी दुपारी त्याला अंबवडी नावाच्या खेड्यात दूधसंस्थेच्या वर्धापनदिनाला वाजवायचं होतं. सिनेमा दुसऱ्या दिवशी सांगलीला जाणार होता.

म्हणून त्यानं माझ्या हातात दोन तिकिटं ठेवली. "आक्का, तू माझ्या वतीनं बघून ये. बाकी काय बघू नकोस. त्याची डाव्या हाताची बोटं बघ. वरच्या पट्टीत जाताना अंगठा कुठं ठेवतोय एवढं ध्यानात ठेव, आन् मला करून दाखव."

मी हो म्हटलं. आई गेली तेव्हा दिगू दुसरीत होता. त्याच्या शेंबडापासून गिटारच्या तारांपर्यंत सगळं मीच बघत आले होते, त्यात आणखी एक अंगठा.

हे कळल्यावर आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला माजघरात बोलावलं. आण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गिटार हा शब्द ते सुपारीचं खांड थुंकावं तसा उच्चारायचे. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की तो टॉमी नशापाणी करून ऐन तारुण्यात स्टेजवर मेला. "शेवट नीट बघ," ते मला म्हणाले. "कसा मेला ते बघ, आन् घरी येऊन ह्याला सविस्तर सांग. बापाचं ऐकत न्हाई, बहिणीचं तरी ऐकंल."

एकाला बोटं पाहिजे होती, दुसऱ्याला मरण. आणि एकटी तरणी मुलगी इंग्रजी सिनेमाला कशी पाठवायची म्हणून आण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती, माझ्यासोबत.

सुरुवातीला मी इमानानं बोटं बघितली. पण सिनेमावाल्यांना बोटांची फारशी हौस नव्हती. ते सारखे त्याचं तोंड दाखवायचे. हळूहळू तोंडच बिघडत गेलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, मग पांढऱ्या पुड्या आल्या, मग न्हाणीघरात दार लावून दंडात सुई. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. ती माणसं काय बोलतात ते चारातलं एक कळत होतं. पण न्हाणीघराचं दार आतून लावून घेणारं पोर कळायला इंग्रजी लागत नाही. दिगू हल्ली दुपारी बारापर्यंत झोपायचा. त्याचे डोळे लाल असायचे. विचारलं की "रात्री कार्यक्रम होता, आक्का" एवढंच. आत्तीच्या शेंगा फोडण्याचा आवाज कधीच थांबला होता.

मध्यंतरात आम्ही बाहेर येऊन सोडा घेतला. आत्ती बराच वेळ बाटलीतली गोटी हलवत राहिली. मग म्हणाली, "काल मी त्याच्या विजारीचे खिसे बघितले."

"काय सापडलं?"

"काडेपेटी. आन् आलेपाकाच्या वड्या."

"वड्या तीनच उरल्यात," मी म्हटलं. कारण खिसे मीही बघितले होते.

दोघी हसलो. आत्तीनं उरलेल्या शेंगा पदराच्या गाठीत बांधल्या.

उत्तरार्धात मात्र जिवाला बरं वाटलं. टॉमीला एक शहाणी बायको भेटली. तिनं त्याला दवाखान्यात ठेवलं, तो ओरडला, रडला, आणि एका सकाळी उठून त्यानं पोट भरून नाश्ता केला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. एक छोटी मुलगी झाली, तिच्या पाळण्याशी बसून तो गिटार वाजवू लागला. मी नीट टेकून बसले. मनात म्हटलं, आण्णांची आता पंचाईत होणार. ह्याचं काही नशेनं मरायचं लक्षण दिसत नाही. अंगठा बघायची आठवण झाली आणि मी पुन्हा बोटांवर नजर लावली.

मग एक मोठं मैदान आलं. पाऊस नुकताच उघडला होता, गवत ओलं होतं. हजारो माणसं चिखलात उभी होती. स्टेज म्हणजे फुटभर उंचीच्या फळ्या, त्यातल्या निम्म्या गवतातच टाकलेल्या. आणि सगळ्या टॉकीजमध्ये एक आवाज भरला. घूंऽऽऽ.

"शाले," आत्ती म्हणाली, "ह्यो तर आपल्या घरातला आवाज."

खरंच तो आमच्या घरातला होता. दिगूनं मिरजेहून एक जुना अँप्लिफायर आणला होता. गिटार त्याला जोडली की न वाजवताच तो भुंग्यासारखा घोंघावायचा. संध्याकाळी आण्णा हरिपाठाला बसले की नेमका हा भुंगा. "एक तर तुझा भुंगा ऱ्हाईल न्हाई तर मी ऱ्हाईन," असं त्यांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. मग ऑर्केस्ट्राचा माईकवाला सदा घरी आला. त्यानं प्लगची तिसरी, जाडी पिन पकडीनं धरली, दोनदा वाकडी केली आणि मोडून काढली. भुंगा गप्प. दिगूनं सदाला मिठी मारली, आण्णांनीसुद्धा "पोरगं हुशार हाय" म्हणून त्याला चहा पाजायला लावला. चहा मीच केला होता.

पडद्यावर स्टेजच्या मागे एक दाढीवाला खाली बसला. त्यानं हातात प्लग घेतला, तिसरी पिन पकडीनं धरली, दोनदा वाकडी केली.

"दिगूच्या सदागत," आत्ती खुशीत म्हणाली.

मीही हसले. पिन मोडली आणि आवाज थांबला. टॉमी बायकोकडे बघून हसला, गवतातून चालत माईककडे निघाला. डाव्या हातात तारा धरलेल्या. मी अंगठा बघत होते. अंगठा अगदी स्वच्छ दिसत होता. आणि त्यानं उजव्या हातानं माईक धरून ओठ लावले.

तो ताठ झाला. मान मागे गेली, हात माईकला तसाच. मैदानातली माणसं आनंदानं ओरडली, त्यांना वाटलं ही त्याची नवी अदा आहे. आमच्या टॉकीजमधल्या पोरांनीही शिट्ट्या मारल्या. फक्त त्याची बायको ओरडली नाही. ती पळत सुटली, आणि ती पोचायच्या आत तो गिटारीसकट उताणा पडला. पडद्यावर त्याचे तळपाय दिसले. उघडे, चिखलानं माखलेले.

दोन दिवसांपूर्वी जेवताना दिगूनं एक गंमत सांगितली होती. कागलच्या कार्यक्रमात त्याला माईक चावला. ऑर्केस्ट्रातली माणसं असंच म्हणतात, माईक चावतो, जसं काही पाळलेलं कुत्रं. ओठाला झिणझिण्या येतात, त्यावर त्यांचा तोडगा म्हणजे माईकला हातरुमाल गुंडाळायचा. दिगू म्हणाला, "आसा चावला आक्का, मी टुणकन उडालो. पब्लिकला वाटलं डान्स केला. वन्समोअर घेतला." आम्ही सगळे हसलो होतो. आण्णासुद्धा. कुणाच्या मनात आलं नाही की पिन मोडायच्या आधी दिगूला तो कधी चावला नव्हता.

"आत्ती, ऊठ," मी म्हटलं.

अंबवडीचा कार्यक्रम चारला होता, कारण धारेच्या वेळेआधी तो संपायला पाहिजे होता. म्हशी कुणाच्या गाण्यासाठी थांबत नाहीत. टॉकीजच्या समोरच एक टेलिफोनचं बूथ होतं. मी दूधसंस्थेचा नंबर शोधून लावायला सांगितला. घंटी वाजत राहिली. बूथवाला म्हणाला, बाई, कोण उचलत न्हाई, तिकडं काय कार्यक्रम-बिर्यक्रम असंल. मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा, मग आत्तीनं माझा दंड धरून मला ओढत स्टँडकडे नेलं.

एसटीत जागा मिळाली ती मागच्या चाकावर. गाडी भरल्याशिवाय सुटेना. कंडक्टर बाहेर चहा पीत होता. मी खिडकीतून ओरडले तर तो म्हणाला, "बाळंतीण बसलीया काय गाडीत?" सगळी गाडी हसली. मी रडायला लागले तसं मात्र त्यानं कप ठेवला आणि घंटी मारली.

त्या प्रवासात मला काय काय दिसलं ते आजही सांगवत नाही. रस्त्याकडेला कुठं चार माणसं जमलेली दिसली की मी उभी राहून खिडकीतून बघायची. समोरून जीप आली की वाटायचं, ह्यात दिगूला घालून आणतायत. मी जोतिबाला नवस बोलले, मग अंबाबाईला, मग वाटेत दिसलेल्या शेंदूर फासलेल्या दगडालाही. प्रत्येक थांब्यावर कुणी म्हातारी उतरायची ती आधी बोचकं, मग काठी, मग पाय अशा क्रमानं. मला त्या म्हातारीचा राग यायचा आणि रागाची भीती वाटायची, की ह्या पापानंच दिगूचं काही वाईट होईल.

अर्ध्या वाटेत आत्तीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "शाले, त्यो गोरा अनवाणी का हुता?"

"हौस आसंल. गवतावर चालायची."

"आन् आपला दिगू?"



दिगू कायम अनवाणीच वाजवायचा. केस मानेपर्यंत, विजार भोंग्याएवढी, गॉगल, आणि खाली उघडे पाय. लोकांना ती त्याची ऐट वाटायची. ती ऐट नव्हती. तो ऑर्केस्ट्रात जायचं म्हणाला तेव्हा आण्णा आठ दिवस जेवले नव्हते. नवव्या दिवशी त्यांनी परवानगी दिली, ती एका अटीवर. "काय वाजवायचं त्ये वाजीव. पर ज्या फळीवर उभं ऱ्हाऊन पोट भरायचं, तिच्यावर पायताण घालून चढायचं न्हाई." दिगूनं त्यांच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. बापलेकात एवढा एकच धागा उरला होता, आणि तो दोघांनीही जपला होता.

मी आत्तीचा हात धरला.

अंबवडीच्या फाट्यावर उतरलो तर लाउडस्पीकरवर पेटी ऐकू येत होती. आम्ही पळत सुटलो. मैदान शाळेचं होतं. धूळ उडू नये म्हणून टँकरनं सडा मारला होता, तोही दूधसंस्थेच्या उदार हातानं, त्यामुळे सगळीकडे राडा. माझी रबरी स्लीपर चिखलात रुतून तुटली, ती तिथंच सोडली. आत्तीनं तिच्या जाडजूड कापशी चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि ओचा खोचून ती माझ्यामागे धापा टाकत येत होती.

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून त्यावर फळ्या आणि जमखाना. समोर गाव बसलेलं. पेटीवाला सूर धरून होता, ढोलकीवाला ठोकून बघत होता. दिगू मागच्या बाजूला त्या मिरजेच्या अँप्लिफायरपाशी वाकला होता. त्याच्या गळ्यात गिटार होती. तो जिवंत होता. मला एवढा आनंद झाला की माझे पाय थांबले. मी त्याला हाक मारली.

त्या गलक्यात हाक त्याला जाणं शक्य नव्हतं. मग मी दोन्ही हात वर करून हलवले. आणि त्यानं मला बघितलं.

तो हसला. मी सिनेमा टाकून त्याचा कार्यक्रम बघायला आले असं त्याला वाटलं असणार. मी कधीच त्याच्या कार्यक्रमाला गेले नव्हते. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. त्यानं गिटारची एक तार छेडली, डावा हात तारांवर तसाच ठेवला आणि तो माईककडे चालू लागला. तो आता माईकवरून सांगणार होता की माझी आक्का आली आहे.

मी "नको, नको" म्हणून हात हलवत होते. जितका हात हलवीन तितका तो जास्त हसत येत होता. मीच त्याला माईककडे बोलावत होते. हे समजलं तसे मी हात खाली घेतले. मधे चारेकशे माणसं बसली होती, त्यांच्यातून जायला वाट नव्हती. दिगूनं उजवा हात पुढे केला.

"शाले, धर," मागून आत्ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात चप्पल दिली.

लहानपणी आमराईत दिगू झाडाखाली झोळी धरून उभा राहायचा आणि कैऱ्या मी पाडायची. नेम माझा होता. विचार करायला वेळ नव्हता. मी कापशी चप्पल टाचेकडून धरली आणि फेकली.

ती गावाच्या डोक्यावरून गेली आणि माईकच्या दांड्याला मधोमध लागली. दिगूनं घाबरून दोन्ही हात तोंडावर घेतले. दांडा डुलला आणि माईक खाली येऊन त्याच्या गळ्यातल्या गिटारच्या तारांवर पडला.

निळा जाळ झाला. फटाका फुटावा तसा आवाज आला, आणि पाठोपाठ सगळे स्पीकर मुके झाले. दिगू मागे जमखान्यावर धप्पकन बसला.

मग गाव उठलं. चप्पल कुणी टाकली, कलावंताला चप्पल मारली, पकडा तिला. दोघातिघांनी मला धरलंही. मी त्यांना ओढत स्टेजपर्यंत गेले. कशी गेले ते माहीत नाही. दिगू बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. त्याला लागलं नव्हतं, पण अपमान झाला होता.

"आक्का, माझं काय चुकलं?" तो म्हणाला.

माझ्याआधी आत्तीच बोलली. तिनं सगळ्या गावासमोर सदाला विचारलं, "तू ती पिन मोडलीस न्हवं? मग त्या तारंला हात लाव बघू."

सदानं हात लावला नाही. ऑर्केस्ट्राचे मालक हिंदुराव माझ्यावर ओरडत होते, पण सदानं त्यांना बाजूला केलं, फ्यूज बसवला, खिशातून टेस्टर काढून गिटारच्या तारेला टेकवला. टेस्टर लख्ख पेटला. भर उन्हातही दिसावा इतका. हिंदुरावांचं ओरडणं तिथंच संपलं. सदा नुसता पुटपुटत राहिला, फळ्या सुक्या होत्या म्हणून, फळ्या सुक्या होत्या म्हणून कळलं नाही, एका हातात तार आणि दुसऱ्यात माईक आला असता तर.

दिगू स्टेजवरून उतरून चिखलातच बसला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याचा हात मी माझ्या मांडीवर धरून ठेवला. त्यानं विचारलं, "सिनेमा कसा हुता?"

"बरा हुता."

"अंगठा कुठं ठेवत हुता त्यो?"

मी आठवून बघितलं. मला अंगठा आठवेना. डोळ्यांपुढे फक्त ते चिखलानं माखलेले तळपाय येत होते. मला हुंदका आवरेना. आत्तीनं पदराची गाठ सोडून दोघांच्या हातात शेंगा ठेवल्या, लहानपणी पडल्यावर द्यायची तशा.

कार्यक्रम झालाच. सदानं दुसरा प्लग आणला, तिन्ही पिनांचा, आणि सुटलेली वीज माणसाऐवजी मातीत जावी म्हणून जमिनीत लोखंडाचा खुंटा ठोकून त्याला वायर जोडली. भुंगा परत आला, गावानं तो ऐकून घेतला. मी दिगूला म्हटलं, कुणाच्या तरी चपला घाल. तो नाही म्हणाला. एवढं होऊनही नाही म्हणाला. "आण्णांना शब्द दिलाय, आक्का." शेवटी एका लाकडी खोक्यावर पोतं टाकून त्याला उभा केला. तो तासभर वाजवत होता आणि मी तासभर त्याच्या ओठांकडे बघत होते. आजही कुणी माईकजवळ तोंड नेलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघते.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या आधी दुधाच्या गाडीनं बातमी पोचली होती. आण्णा दारात उभे होते.

"स्टेजवर चप्पल टाकलीस?" त्यांनी मला विचारलं. दिगूकडे त्यांनी बघितलंही नाही.

"व्हय."

"भावाच्या अंगावर?"

"माईकवर."

ते खाली पायरीवर बसले. त्यांचा राग मला चांगला ठाऊक होता, पण त्याची भीती त्या दिवशी पहिल्यांदाच वाटली नाही. मग ते म्हणाले, "त्यो गोरा कसा मेला त्ये सांग. ह्याच्यासमोर सांग. नशेनंच मेला न्हवं?"

"न्हाई, आण्णा. नशा त्यानं सोडली हुती. बायको हुती, लेक झाली हुती. भुंगा घालवायला कुणीतरी पिन मोडली. आन् त्यो अनवाणी हुता."

आण्णांनी हळूच दिगूच्या पायांकडे बघितलं. तळव्यांवर अजून अंबवडीचा चिखल वाळलेला होता. मग ते उठून आत गेले. त्या संध्याकाळी हरिपाठ झाला नाही.

पुढच्या रविवारी गावातल्याच सभागृहात दिगूचा कार्यक्रम होता. मी आणि आत्ती पडद्यामागे बसलो होतो. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. दिगू नेहमीप्रमाणे फळीला हात लावून तो कपाळाला लावत होता, तेवढ्यात मागच्या दारानं आण्णा आले. ते आयुष्यात पहिल्यांदा ऑर्केस्ट्राला आले होते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी पायातल्या वहाणा दाराशी काढल्या, आत येऊन कागद सोडला. जाड रबरी तळाचे बूट. दिगूच्या मापापेक्षा एक नंबर मोठेच.

"आधी फळीच्या पाया पड," ते म्हणाले. "मग हे घाल."

दिगूनं बूट घातले. पण नाडी बांधायला गेला तर त्याची बोटं, ती कुठल्या कुठे पळणारी बोटं, चालेनात. बाहेर पडदा उघडायची घंटा झाली. तेव्हा आण्णा गुडघे टेकून त्याच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही पायांच्या नाड्या बांधल्या.